स्विमिंग पूलच्या काठाला आणि अंगणाला कोणता दगड? कोल्हापुरात मिळणाऱ्या फरश्यांची पारख

फरशीच्या यार्डात दगड दिसतो तो कोरडा, पुसलेला आणि उभा टेकवलेला. घरी तो असणार आडवा, ओला आणि पायाखाली. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर अंगण धड वाळत नाही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडे फार्महाऊस असेल तर ओल त्याहून जास्त. शेजारी पूल असला तर उरलेले आठ महिनेही काठ भिजलेलाच. त्यामुळे इथे रंगाला सगळ्यात शेवटी गुण दिलेत. आधी पाहिलं ते ओल्या पायाला पकड किती, दगड पाणी किती पितो, क्लोरिन-ॲसिड पडल्यावर त्याचं काय होतं आणि मे महिन्यातल्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहता येतं का.

निकाल आधीच सांगतो. पूलच्या काठाला फ्लेम्ड, म्हणजे ज्वालेने खरखरीत केलेला, करडा ग्रॅनाइट पहिला, टाकी मारलेला काळा दगड दुसरा. अंगणाला खडबडीत शहाबाद किंवा रिव्हरवॉश (तोंडावर बारीक लाटा असलेला) कोटा पुरेसा, आणि पैशाला तोच न्याय देतो. सँडस्टोन देखणा आहे, पण आपल्या पावसात त्याची निगा ज्याला झेपेल त्यानेच त्याच्या वाटेला जावं. पॉलिश केलेली फरशी, मग ती कितीही भारी असो, उघड्यावर बसवू नये.

काळा दगड

बसाल्टची ओळख कोल्हापूरकराला करून द्यायला नको. अंबाबाईचं देऊळ, खिद्रापूरचा कोपेश्वर, १८८४ साली पुरा झालेला न्यू पॅलेस, सगळीकडे हाच काळा दगड. घट्ट बसाल्ट वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी पाणी पितो, घनमीटरला २.८ ते ३ टन भरतो आणि ॲसिडचे चार थेंब पडले तरी सहसा ढिम्म राहतो.

पण खाणीतून येणारा प्रत्येक काळा दगड घट्ट नसतो. लाव्हाच्या थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. त्या भागातला दगड भोकाभोकांचा निघतो, किंवा भोकं पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. कुंपणाच्या भिंतीला तो चालतो, पूलकाठाला नको. भोकांत पाणी थांबतं, शेवाळ तिथूनच धरतं आणि पांढरे दाणे पुढे निसटून खड्डे पडतात. फरशीच्या कडेला तांबूस-पिवळट साल दिसली तर तो हवा-पाण्याने कुजायला लागलेला दगड समजावा. ‘पाण्याने जाईल’ असं सांगतील. ती साल पाण्याने जात नाही.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. मशीनने कापलेला बसाल्ट सपाट आणि गुळगुळीत असतो, आणि ओला झाला की निसरडा. पाट्याला टाकी लावतात त्याच कारणासाठी इथेही टाकी लागते. ठोके जवळजवळ हवेत आणि दीड-दोन मिलिमीटरपेक्षा खोल नकोत. खोल ठोक्यांत घाण बसते आणि पोरांचे गुडघे सोलवटतात. हाताने घडवलेल्या फरशीची जाडी ५० ते ७५ मिमी असते, मशीनकट २५ ते ४० मिमीत मिळते. ५० मिमी जाडीचा एक ब्रास, म्हणजे १०० चौरस फूट माल, १.३ टनाच्या पुढे जातो. गच्चीवरच्या पूलला हे वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय चढवू नये.

बसाल्टचा खरा दोष म्हणजे तो तापतो. पश्चिमेला उघड्या असलेल्या डेकवर (पूलभोवतीच्या फरशीवर) मे महिन्यात दुपारी दोनला त्यावर पाय ठेवणं शिक्षा आहे. झाडाची किंवा पडवीची सावली असेल, किंवा पूल संध्याकाळीच वापरात येणार असेल, तर मात्र याच्यासारखा दगड नाही. घडाईची मजुरी धरली की तो स्वस्त पडत नाही, हेही लक्षात ठेवावं. दगड जवळचा, पण हात महाग.

ग्रॅनाइट

बंगळूरजवळच्या सादरहळ्ळीचा करडा ग्रॅनाइट या कामासाठी घडवल्यासारखा आहे. पाणी अर्ध्या टक्क्याच्या आत पितो, क्लोरिनला दाद देत नाही, रंग मध्यम असल्याने काळ्या दगडाइतका तापत नाही. फ्लेम्ड म्हणजे दगडाच्या तोंडावरून ज्वाला फिरवतात. ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास क्वार्ट्झचे स्फटिक एकदम फुगतात, वरचा पापुद्रा उडतो आणि खरखरीत तोंड उरतं. हा सगळा खेळ क्वार्ट्झचा. म्हणून ‘फ्लेम्ड कोटा’ असं कोणी दाखवलं तर ग्रॅनाइटसारखी पकड त्यात शोधू नये. तो चुनखडक आहे.

फ्लेम करताना पातळ दगड तडकतो, शिवाय दीड-दोन मिलिमीटर जाडी जातेच. त्यामुळे ३० मिमीच्या खाली घेऊ नका. नुसता फ्लेम्ड दगड उघड्या अंगाला बोचतो. त्यावर वायर ब्रश फिरवलेला प्रकार मिळतो, त्यात पकड राहते आणि टोकं मरतात. काठावर बसून पाय सोडायचे असतील तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा. इलकलचा लाल ग्रॅनाइटही दगड म्हणून उत्तम आणि कोल्हापूरला जवळचा, पण गडद असल्याने उन्हात करड्याच्या मागे पडतो.

‘काळा ग्रॅनाइट’ मात्र तपासून घ्या. फिक्या दगडाला काळा रंग पाजून विकण्याचे प्रकार चालतात. पांढऱ्या कापडाला नेलपॉलिश रिमूव्हर, म्हणजे ॲसिटोन, लावून फरशीच्या कोपऱ्यावर जोरात घासा. कापड काळं झालं तर पुढे बोलायचं कारण नाही.

शहाबाद, तांदूर, कोटा

तिन्ही चुनखडक. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातला, तांदूर तेलंगणातला, कोटा राजस्थानातला. गुण थोडेफार वेगळे, पण शत्रू एकच: ॲसिड.

पूलच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवतात आणि तो वर गेला की ॲसिड टाकून खाली आणतात. ते ॲसिड सांडलं की चुनखडकावर पांढरा, खरखरीत डाग पडतो आणि तो धुऊन निघत नाही. तरी सगळ्यात जास्त फरश्या पूलमुळे बिघडत नाहीत, फरशी बसवणाऱ्यांमुळे बिघडतात. काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला ‘ॲसिड मारून देतो’ म्हणतात. ग्रॅनाइटवर एक वेळ खपेल, शहाबाद-कोट्यावर पहिल्याच दिवशी तोंड जळतं. कामाच्या कागदावर ‘ॲसिड वॉश नाही’ असं लिहून घ्या आणि सिमेंट ओलं असतानाच स्पंजने पुसायला लावा.

शहाबादी फरशीचा दुसरा स्वभाव म्हणजे थर. ती थरांच्या बाजूने निघते. थर पक्के असतील तर वर्षानुवर्षं काही होत नाही, सैल असतील तर पाणी आत शिरून पापुद्रे सुटतात. अंगणाला ३० ते ४० मिमी जाडीची, नैसर्गिक तोंडाची घ्यावी. २० मिमीची पातळ फरशी आतल्या खोल्यांसाठी. हातकटाईच्या मालात एकाच गाडीत २५ आणि ३८ मिमीच्या फरश्या एकत्र येतात. गवंड्याला मग प्रत्येक फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल कमी-जास्त करावा लागतो आणि तिथेच पोकळी राहते. चारी कडा मशीनने कापलेला माल थोडा महाग पडतो, पण तो फरक मजुरीत आणि सिमेंटमध्ये बराचसा निघून येतो.

कोटा जास्त घट्ट आणि एकसारखा. उघड्यावर त्याचं पॉलिश टिकत नाही, हिरवट-निळा रंगही उन्हाने फिकटतो; म्हणून सुरुवातीलाच रिव्हरवॉश किंवा लेदर फिनिश घ्या. रिव्हरवॉशमध्ये तोंडावर बारीक लाटा असतात. त्या लाटांवर शेवटचा चकाकीचा हात फिरवलेला असेल तर मात्र पकड गेली. नमुना ओला करून उजेडात तिरका धरा; आरशासारखा चमकला तर नको. पिवळा तांदूर फिकट रंगामुळे कमी तापतो. सावली नसलेल्या अंगणाला तो विचारात घेण्यासारखा आहे, फक्त त्यावर डाग लगेच दिसतात. तांबड्या रश्श्याचा तवंग सांडला तर रात्रभर तसाच ठेवू नये. भांड्यांच्या साबणाने लगेच धुवावा, आणि लिंबू तर अजिबात लावू नये, तेही ॲसिडच.

हे तिन्ही दगड पूलच्या अगदी काठाला न वापरता तीन-चार फूट सोडून बाहेरच्या पट्ट्यात वापरले तर चालतात. काठाला ग्रॅनाइट आणि पुढे शहाबाद, ही जोडी खर्चाच्या आणि टिकण्याच्या दोन्ही हिशेबांत बसते.

बाकीचे

कडप्पा ओट्याला ठीक. बाहेर तो तापतो, करडा पडतो आणि ओला झाला की घसरतो.

सँडस्टोनचे प्रकार अनेक आणि त्यांच्यात फरकही मोठा. काही घट्ट असतात, काही दोन-चार टक्के पाणी सहज पितात. इथल्या जुलैमध्ये असा दगड आधी हिरवा होतो, मग काळा. मिठाच्या क्लोरिनेटरवर चालणारा पूल असेल तर सँडस्टोन नकोच. अशा पाण्यात लिटरमागे साधारण तीन ते चार ग्रॅम मीठ असतं. ते दगडाच्या छिद्रांत शिरतं, पाणी उडालं की स्फटिक बनतं आणि तोंडाचे दाणे आतून ढकलून काढतं. स्लेटही याच कारणाने सोलते. जांभ्याचे चिरे बागेच्या भिंतीला आणि वाफ्याच्या कडेला शोभतात. पायाखाली ते झिजतात आणि लाल पाणी सोडतात.

यार्डात करायच्या तपासण्या

गोड शब्दांच्या माहितीपत्रकापेक्षा चार साध्या चाचण्या बऱ्या. परदेशात अनवाणी वावराच्या ओल्या जागेसाठी पेंड्युलम चाचणीत (ओल्या फरशीवर झुलता रबरी लंबक घासून पकड मोजतात) ३६ किंवा त्याहून जास्त आकडा मागतात. इथे त्याचा दाखला मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन फरश्या उतारावर टेकवा, पाणी आणि थोडा शाम्पू टाका आणि कोणाचा तरी हात धरून अनवाणी टाच फिरवून बघा.

पाणी किती पितो ते घरीच कळतं. तळहाताएवढा तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवा, फडक्याने पुसून पुन्हा तोला. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. ५०० ग्रॅमचा तुकडा ५०४ झाला तर ०.८ टक्के. आमची मर्यादा अशी: पूलकाठाला एकच्या आत, अंगणाला तीनच्या आत. प्रयोगशाळेतून करून घ्यायचं असेल तर आयएस ११२४ या मानकाप्रमाणे मागा.

फरशी दोन बोटांवर तोलून लोखंडी चावीने वाजवा. खणखणली तर ठीक, बद्द वाजली तर आत भेग किंवा सुटलेला थर आहे. काटकोन बघायला दोन्ही कर्ण मोजा. दोन फुटी फरशीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर दरजा, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, वाकड्या येणार.

मोजमापातही लक्ष ठेवा. ‘दोन बाय दोन’ म्हणून दिलेली फरशी पुष्कळदा २२ इंची असते. तिचं क्षेत्र चार चौरस फूट नाही, ३.३६. नगावर बिल झालं तर सोळा टक्के माल हवेत गेला. ब्रासचा दर लावताना प्रत्यक्ष मोजून लावायला सांगा. (नवख्यांसाठी: फरशीचा ब्रास १०० चौरस फुटांचा, वाळूचा १०० घनफुटांचा.) चौकोनी अंगणाला पाच ते सात टक्के माल जास्त घ्या, गोल किंवा वळणाच्या पूलला बारापर्यंत, आणि सगळा एकाच खेपेचा. दुसऱ्या खेपेला छटा जुळत नाही.

काठ आणि उतार

काठाच्या दगडाला, म्हणजे कोपिंगला, ४० मिमी जाडी असावी, ३० ही शेवटची मर्यादा. पाण्याच्या बाजूला तो २५ ते ४० मिमी पुढे काढतात, कड गोल करतात आणि खालच्या अंगाला कडेपासून सुमारे २० मिमीवर ८-१० मिमी रुंद खाच मारतात. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाखालून मागे जातं आणि भिंतीवरच्या टाइल्समागे शिरतं. ती फरशीवाल्याकडूनच मारून घ्या. जागेवर ग्राइंडरने मारताना कड उडते.

डेकचा उतार पूलच्या उलट दिशेला, दर दहा फुटांना दीड इंच. तोंड फार खडबडीत असेल तर पावणेदोन. कोपिंग आणि डेक यांच्यामध्ये १०-१२ मिमीची मोकळी दरज सोडायचीच. पूलची टाकी वेगळी हलते, आजूबाजूची जमीन वेगळी. ही दरज सिमेंटने भरली की पहिल्याच उन्हाळ्यानंतर कोपिंग सुटायला लागतं. आत फोमची दोरी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिसल्फाइड सीलंट, एवढंच तिथे बसतं. ‘सिमेंटमध्ये केमिकल टाकून भरतो’ हा पर्याय नव्हे.

खालचा पाया

दगड निवडण्यात महिना घालवणारे लोक पाया गवंड्यावर सोडतात, आणि बसलेल्या, हललेल्या डेकची बहुतेक कारणं तिथेच सापडतात. नदीकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरची फरशी तिच्याबरोबर वर-खाली होते. निदान दीड फूट काळी माती काढून मुरूम भरा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. दीड फूट एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचे काही इंच दाबले जातात. त्यावर दगडी सोलिंग (दगडांचा थर) आणि १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) चार इंची काँक्रीट.

सगळ्यात धोक्याची जागा पूलच्या भिंतीलगतची. खोदताना भिंतीबाहेर दोन-तीन फुटांची चर राहते, तीत निघालेलीच माती ढकलतात आणि नेमकी तीच पट्टी पहिल्या पावसात खचते. तिथेही थरांत मुरूम, आणि जमलं तर एक पावसाळा जाऊ देऊन मग फरशी. तेवढा वेळ नसेल तर त्या पट्टीवर सळई घातलेला पाच इंची स्लॅब टाकावा. डेकवरून वाहणारं पाणी चॅनलने धरून काळ्या मातीपासून लांब सोडा. पूलशेजारीच शोषखड्डा केला तर मुरुमाची सगळी मेहनत वाया.

बसवणं

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये करायचंच झालं तर दगड आधी भिजवून, सकाळ-संध्याकाळ काम आणि किमान सात दिवस ओली गोणपाटं.

माल १:४ (सिमेंट, वाळू), जाडी ४० मिमी धरली तर एका ब्रासला तीन गोणी सिमेंट आणि चौदा-पंधरा घनफूट वाळू लागते. फरशीच्या पाठीला लावायच्या सिमेंटच्या घोळाला आणखी अर्धी गोणी. क्रश सँड वापरताना धूळ जास्त असलेली घेऊ नका, माल आकसतो आणि भेगा पडतात. मूठभर सँड काचेच्या ग्लासात पाण्यात हलवून ठेवली की वर बसणारा गाळाचा थर दिसतो.

चार कोपरे आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून फरशी टेकवण्याची पद्धत भिंतीवरच्या टाइल्सना असेल, इथे नाही. मधल्या पोकळीत पाणी साचतं, ते खालून क्षार वर आणतं आणि गाडीचं चाक आलं की कोपरा तुटतो. संपूर्ण पाठ मालावर बसली पाहिजे. दर दहा-बारा फरश्यांमागे एक बसवून उचलून पाहायला सांगा. पाठीवर कोरडा पट्टा दिसला तर घोळ कमी पडलाय. दरजा ६ ते १० मिमीच्या ठेवा. फरशीला फरशी चिकटवलेलं काम घरात शोभतं. बाहेर उन्हाने दगड वाढला की कडा एकमेकींना चेपतात. पूलच्या बाजूला दरजांत इपॉक्सी, अंगणाला १:३ सिमेंट चालतं. गाडी जाणार असेल तिथे ४० मिमीच्या आतली फरशी नकोच.

पांढरे क्षार पहिल्या पावसाळ्यानंतर थोडे येतातच. कोरड्या ब्रशने झाडायचे. पाणी मारलं की ते विरघळून परत आत जातात आणि पुन्हा फुटतात. दुसऱ्या वर्षीही तितकेच येत असतील तर दोष दगडाचा नाही, खालून पाणी येतंय.

सीलर लावायचा तर आत मुरणारा, सिलेन-सिलोक्सेन जातीचा, आणि काम पुरं होऊन २८ दिवसांनी, दगड पूर्ण कोरडा असताना. ‘वेट लूक’ म्हणून मिळणारी लॅकर वरती कातडीसारखी बसते, ओलीवर घसरते आणि आतला ओलावा अडकून पांढरी पडते. मुरणारा सीलर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. पाण्याचा थेंब दगडावर मोत्यासारखा थांबायचा बंद झाला की वेळ आली समजा.

शेवाळाला मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा नायलॉनचा कडक ब्रश आणि सौम्य साबण पुरतो. प्रेशर वॉशर चालवायचाच तर नोझल फूटभर लांब धरा, नाहीतर दरजांमधला माल उडतो. क्लोरिनच्या गोळ्यांचा डबा दगडावर ठेवू नका. ट्रायक्लोरची एक ओली गोळी रात्रभर राहिली तरी शहाबादवर तिचा कायमचा गोल डाग पडतो. आणि त्याच खेपेतल्या आठ-दहा फरश्या शेडमध्ये उभ्या ठेवून द्या, बदलायची वेळ आली तर छटा जुळवायला त्याच उपयोगी पडतात.